कांचन, तुझं लायसन आलं होतं

कांचन, तुझं लायसन आलं होतं. तू गेलीस त्याच्या नऊ दिवस आधी.

पोस्टमन मळ्यापर्यंत येत नाही, हायवेवरच्या आपल्या दुकानातच टपाल टाकून जातो. म्हणून भाऊजी संध्याकाळी घरी आले की त्यांनी चप्पल काढायच्या आत तू विचारायचीस, "काई आलं का ओ?" त्या दिवशी मी दुपारी डबा द्यायला दुकानात गेले होते. दोघे भाऊ गोडाऊनमध्ये पाईप मोजत होते आणि गल्ल्यापाशी मीच उभी होते. सही मीच केली. पाकिटावर तुझं नाव होतं. घरी आणून मी ते कपाटात माझ्या शालूच्या घडीत सारलं. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत होते. मान वर केली नाही.

तेराव्याला आलेल्या बाया म्हणत होत्या, जावा जावा कसल्या, पाठच्या बहिणी होत्या. मी पदराने डोळे पुसत ऐकून घेतलं. रडू खरंच येत होतं, त्यात खोटं नव्हतं. पण त्या जे बोलत होत्या ते खोटं होतं, आणि ते घरात मला एकटीलाच माहीत होतं.

तू मेलीस म्हणून मी तुला देवी करणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. तू माजलगावची, धरणाच्या पाण्यावर वाढलेली. लग्नाच्या आधीपासून बापाचा उसाचा ट्रॅक्टर हाकायचीस. आमच्या चौसाळ्याच्या मळ्यात आलीस तेव्हा पहिल्याच वर्षी भाऊजींचा ट्रॅक्टर चिखलात रुतला, तो तू काढून दिलास आणि वर म्हणालीस, "एवढंच व्हय?" भाऊजी दोन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. मी मात्र चुलीपुढं तोंड दाबून हसले होते. तेव्हा तू मला आवडायचीस. हे सांगून ठेवते, कारण पुढं जे आहे त्यात ते दिसणार नाही.

जुनी पांढरी गाडी घेतली तेव्हा गाडी शिकायचं खूळ तुझंच. आपल्या सासूच्या, आत्याबाईंच्या गुडघ्यासाठी महिन्यातून दोनदा बीडला जावं लागायचं आणि दरवेळी एका भावाला दुकान सोडावं लागायचं. तू जेवताना म्हणालीस, "मी नेत जाईन आत्याबाईला." आमचे हे म्हणाले, "शिकायचं तर दोघी शिका. एकटीला मैदानावर पाठवायचं न्हाई."

म्हणजे मी तुझी राखण म्हणून आले. बेचाळीस वर्षांची बाई, साधी स्कूटीसुद्धा कधी हातात धरली नव्हती. पोरं शिकायला बाहेर गेलेली, घरात थोरली म्हणून मान होता, तो बरा होता. तुझ्यामुळं मी त्या सीटवर बसले.

शेजारी बसायला लायसनवालं माणूस लागतं म्हणून तू रशीदचाचांना गाठलंस. एसटी चालवण्यात उभा जन्म गेलेला माणूस. रोज सकाळी सायकलवर बाजाराच्या मैदानावर यायचे आणि माझ्या शेजारी बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. "आराम से, बाई. गाडी कुठं पळून चालली?" एवढंच त्यांचं शिकवणं. बाकी सगळं तू शिकवलंस. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून तू आठाचा आकडा मांडलास. त्यात गाडी घालायची आणि एकाही पोत्याला न शिवता बाहेर काढायची. तू पहिल्याच दिवशी काढलीस. मी सहाव्या दिवशी चार पोती फोडली.

रिव्हर्सला तू मागच्या सीटवर बसून माझी मान धरायचीस. "आरशात नगा बघू आत्ता. मागं बघा. गाडीचं बूड कुठं चाललंय ते बघा." मी मागं बघायचे आणि हात उलटीकडं फिरायचे. तू कपाळाला हात लावायचीस. चाचा खिडकीतून बाहेर बघायचे.

आणि चढ. हायवे रुंद झाला तेव्हा भर टाकून पुरुषभर उंच केला, आणि आपल्या मळ्याची वाट त्याला एकदम उभी जाऊन लागली. टेस्टमध्ये चढावर गाडी थांबवून मागं न येता पुढं काढायला लावतात, म्हणून आपण तिथंच सराव करायचो. वरून ट्रक जायचे. तू सांगायचीस, "हँडब्रेक ओढा. आता क्लच अर्धा सोडा. गाडी थरथरती, कळतंय का पायाला? तिला जायचंय पुढं. आता ब्रेक सोडा." मला थरथर कळायचीच नाही. माझेच पाय एवढे थरथरायचे की गाडीचं वेगळं काय कळणार? गाडी मागं यायची आणि बंद पडायची.

तरी त्या महिन्यात बऱ्या दिवसांची कमी नव्हती. एकदा परत येताना तू गाडी बांधावर लावलीस आणि आपण दोघी बोनेटवर बसून हरभऱ्याचे घाटे खाल्ले. तू म्हणालीस, "अक्का, लायसन आलं की आपण दोघीच माजलगावला जाऊ. कुणाला इचारायचं न्हाई." मी हो म्हणाले. तेव्हा मनापासून म्हणाले होते.

मग शेजारच्या मळ्यातलं डोहाळजेवण. बायांनी विचारलं, काय गं, ड्रायव्हर झाल्या म्हणं दोघी? आणि तू माझी नक्कल केलीस. पाटावर बसलीस, दोन भरलेल्या बादल्या धराव्यात तसं स्टिअरिंग धरलंस, डोळे मोठे केलेस, आणि ट्रक आला म्हणून दोन्ही हात सोडून पदर डोक्यावर घेतलास. बाया लोळल्या. आत्याबाई, ज्या माझ्या लग्नापासून कधी दात दाखवून हसल्या नाहीत, त्या डोळे पुसत होत्या. मीही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. तू लांबूनच मला हात जोडलेस, माफ करा म्हणून, आणि परत नक्कल केलीस.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि मी तुझ्यावर ओरडले, की तुला नीट सांगताच येत नाही. तू शांतपणे म्हणालीस, "अक्का, तुमाला गाडी येत न्हाई असं न्हाई. तुमाला माझ्याकडून शिकायचं न्हाई."

"का म्हणून शिकू? तू काय मास्तरीण लागून गेलीस?"

"तेच म्हणते मी," तू म्हणालीस आणि गाडीतून उतरून चालत घरी गेलीस. चाचांनी गाडी आणली.

ते भांडण आपण परत काढलंच नाही. तुझं बरोबर होतं. मला ते त्याच मिनिटाला कळलं होतं, आणि म्हणूनच तुला कधी सांगितलं नाही.

टेस्टच्या दिवशी बीडच्या त्या मैदानावर आपण दोघीच बाया होतो. बाकी सगळी गडीमाणसं, झाडाखाली उकिडवी बसलेली. तपासणारे साहेब भले होते. चढ्या आवाजात बोलले नाहीत, घाई केली नाही. माझा आठ निघाला. रिव्हर्सही कसाबसा निघाला. चढावर गाडी थांबवली, आणि क्लच सोडला तशी ती हातभर मागं आली आणि मागचा खांब आडवा झाला. साहेब कागदावर लिहीत म्हणाले, "बाई, अजून थोडा सराव करा. आठ दिवसांनी परत या." तुझा नंबर नंतर होता. तू चढावर थांबलीस, खिडकीतून माझ्याकडं बघितलंस आणि गाडी अशी पुढं काढलीस जशी सपाटीवर उभी होती. झाडाखालची माणसं "वा बाई" म्हणाली.

घरी भाऊजींनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "अक्काची पण झालीच असती. तो खांबच ढिला हुता, वाऱ्यानं पडला." सगळ्यांनी मान हलवली. तू मला सांभाळून घेत होतीस. तुझी नक्कल मी पचवली असती, कांचन. हे मला पचलं नाही. माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान बाई माझ्या वतीनं खोटं बोलत होती, आणि सगळ्यांना ते खोटं आहे हे कळत होतं.

भाऊजींनी नियम घातला. "कार्ड हातात येऊस्तोर गाडीला हात लावायचा न्हाई. हायवे हाय. धरलं तर चारचौघांत इज्जत जाईल." किल्ली थोरली म्हणून माझ्याकडं दिली. ती मी कमरेच्या जुडग्यात अडकवली. तू म्हणालीस, "बरं. आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

मी परत टेस्टला गेले नाही. पाठ दुखते म्हणाले. पाकीट आलं ते मी का लपवलं हे मी रोज स्वतःला विचारते. कायमचं लपवायचं नव्हतं. एवढंच वाटलं, थोडे दिवस हिला वाट बघू दे. थोडे दिवस हिलाही माझ्यासारखं पायी फिरू दे. रोज संध्याकाळी तू विचारायचीस आणि "न्हाई" ऐकून तुझं तोंड उतरायचं, ते मला बघायला आवडायचं. लिहायला लाज वाटते, पण आवडायचं.

त्या दिवशी दोघे भाऊ माल आणायला लातूरला गेले होते. तुझी गौरी शाळेत होती. दहाच्या सुमाराला तू पोट धरून स्वयंपाकघराच्या दारात आलीस.

"अक्का, पोटात लई दुखतंय. किल्ली द्या, मी बीडला दाखवून येते."

मी गहू निवडत होते. "कार्ड आलं का तुझं?"

"न्हाई ना अजून."

"मग? भाऊजींनी काय सांगितलंय? पोलिसानं धरलं म्हंजी?"

तू दाराला टेकून उभी राहिलीस. वाद घालशील असं मला वाटलं, तू घातला नाहीस. "बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणालीस आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झालीस. कपाट तिथून दहा पावलांवर होतं. मी गहू निवडत राहिले. दुखतंय तर ओवा खाईल, म्हटलं. पाळीचं असेल, म्हटलं.

साडेबाराला न्हाणीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. तू भिंतीशी बसली होतीस, तोंड पांढरंफटक, ओठांना रंग नाही. मी चाचांना फोन केला. ते गावाच्या त्या टोकाला होते, म्हणाले, "आलोच बेटी, सायकल घेतो." पण तू माझ्या हातात थंड पडत चालली होतीस. आत्याबाई गुडघे विसरून उठल्या. दोघींनी धरून तुला मागच्या सीटवर निजवलं, आणि किल्ली मी लावली.

मळ्याच्या वाटेनं गाडी नेली. चढापाशी आले. वरून ट्रकची रांग चालली होती म्हणून थांबले, आणि मग गाडी चढेना. बंद पडली. लावली, परत मागं आली. परत बंद पडली. आत्याबाई तुझं डोकं मांडीवर घेऊन देवाचं नाव घेत होत्या. मी रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते माहीत नाही. आणि मागून तुझा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते तुझे.

"हँडब्रेक ओढा, अक्का... घाबरू नगा... हळू सोडा..."

मी ओढला. सोडला. बंद पडली.

चाचा आले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून उतरवलं. एका झटक्यात गाडी वर काढली. मांजरसुंब्याच्या घाटात तू एकदा "गौरीला" म्हणालीस, पुढचं काही कळलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, नळीत गर्भ राहिला होता, तो फुटला, सगळं रक्त पोटात. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं, "दुखायला कधी लागलं होतं?" आत्याबाई म्हणाल्या, "सकाळी." डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणायला पाहिजे होतं."

तुझं तेरावं झाल्यावर मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. पाकीट काढून पुढं ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट बघितलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "जाळून टाक. धाकट्याला, बाळूला सांगू नको. झालं ते झालं, आता घर मोडायचं हाय का?" मला वाटलं होतं मारतील. हात उगारला असता तर बरं वाटलं असतं. ते उठून दुकानात गेले.

आणि पुढच्याच आठवड्यात घरात ठरलं, की घरात एका तरी बाईला गाडी यायला पाहिजे. तू जिवंत असताना जे तुला एकटीला सुचलं ते आता सगळ्यांना पटलं. मला परत टेस्टला पाठवलं. चाचांबरोबर रोज सकाळी त्याच चढावर गेले. ते शेजारी गप्प बसायचे. मला तू ऐकू यायचीस. क्लच अर्धा सोडला की थरथर पायाला कळायला लागली, आधी तळव्याला, मग गुडघ्याला. तू सांगितलं होतंस तशीच. एका शब्दाचाही फरक नव्हता. तू चांगली शिकवत होतीस, कांचन.

टेस्टला गाडी चढावर उभी राहिली आणि पुढं निघाली. बोटभरसुद्धा मागं आली नाही. साहेबांनी मला ओळखलं. "बघा, सराव केला की जमतं," म्हणाले. मी गाडीतून उतरले आणि कुंपणापाशी जाऊन ओकले.

परवा मी एसटीनं माजलगावला गेले, मावशींकडं, तुझ्या आईकडं. घरी दवाखान्यात जाते असं सांगितलं. मावशी एकट्याच होत्या. मला बघताच गळ्यात पडल्या. पाणी दिलं, चहा टाकला, आणि मी पर्समधून पाकीट काढायच्या आत बोलायला लागल्या.

"त्या दिवशी अकराला फोन आलता तिचा. म्हणली, आई, पोटात दुखतंय. म्हणलं, गाडी घिऊन दवाखान्यात जा की. तर म्हणली, अक्का किल्ली देईनात. म्हणत्यात, कार्ड न्हाई, वाटंत तुला काय झालं तर मी तुझ्या आईला काय तोंड दावू? लई जीव लावत्यात गं मला, म्हणली."

हे मी बोलले नव्हते, कांचन. ह्यातलं एक अक्षर मी बोलले नव्हते. दुखण्यात पडल्यापडल्या तू हे माझ्या तोंडी घातलंस. आईपुढं जावेची बाजू राखायला घातलंस, की तुला खरंच तसं ऐकू आलं होतं, ते आता मला कुणाला विचारता येणार नाही.

मी पाकीट त्यांच्या मांडीवर ठेवलं. सगळं सांगितलं. शालूची घडी, नऊ दिवस, गहू, सगळं. मावशींनी कार्ड बाहेर काढलं, तुझ्या फोटोवरून अंगठा फिरवला. चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तिला ठावं हुतं?"

"न्हाई."

"मग तेवढं बरं झालं." त्यांनी कार्ड पदराच्या टोकाला बांधलं. "जावयाला सांगितलं?"

"न्हाई."

"मी सांगनार न्हाई. तू सांगायचं. आन् आता ऊठ. माझ्या दारात परत येऊ नको."

काल संध्याकाळी भाऊजींना सांगितलं. ते जेवत होते. हात धुतला, उठले, गौरीचे कपडे पिशवीत भरले. गौरी माझ्याजवळ झोपते आता, रोज वेणी माझ्याकडूनच घालून घेते; ती म्हणाली, "मोठी आई येणार न्हाई का?" भाऊजी म्हणाले, "न्हाई." पोरीला गाडीत बसवून ते माजलगावला गेले. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. आमचे हे ओसरीवर बसून मला शिव्या देत राहिले, तोंड उघडलं म्हणून.

मी तुझी माफी मागायला हे लिहीत नाही. मागितली तर तू देशील. किल्ली मागून, नाही ऐकून, दुखणं घेऊन पडलीस आणि वर आईला माझं चांगलं सांगितलंस. तुझ्यासारखी बाई माफ करील, आणि मला ते नको आहे.

ह्यांना कळलं, मावशींना कळलं, भाऊजींना कळलं. राहिली होतीस तू. अक्का जीव लावते असं समजून तू गेलीस. तसं नव्हतं, कांचन. कार्ड कपाटात होतं, आणि किल्ली मागायला तू दारात उभी होतीस तेव्हा ते मला माहीत होतं.